टाइल्सवरची गाडी

देवळात जाताना माणूस चपला काढतो, जेवायला बसताना काढतो, कुणाच्या घरी गेला की उंबऱ्याबाहेर काढतो. पण मोटारीत बसताना चपला काढायच्या, पाय पुसायचे आणि त्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या, हे सांगणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. चपलांचा प्रकार नंतरचा, त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतःची गाडी घेतली तेव्हाचा. पण खोड जुनीच होती. मला ती पहिल्या दिवशीच कळली होती.

आमच्यात ड्रायव्हर आणि कंडक्टर एकमेकांना मास्तरच म्हणतात. मी बाईमाणूस, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणायचे आणि मी त्यांना मास्तर. सात वर्षं आम्ही एका ड्यूटीवर काढली. कळंब-धाराशिव, कळंब-वाशी, मधूनच लोहाऱ्याची लांबची खेप. सात वर्षांत आम्ही जितकं भांडलो तितकं मी माझ्या नवऱ्याशीही भांडले नसेन, आणि नवरा काही गरीब गाय नाही.

पहिल्या दिवशी मी वेळेवर आगारात पोचले तर हे माझ्या आधी अर्धा तास येऊन गाडीभोवती फिरत होते. हातात लॉगशीट. वाकून, चष्मा वर करून, एकेक पत्रा बघून लिहीत होते. ‘डावीकडे मागच्या चाकाच्या वर करंगळीएवढा पोचा, जुना. मागच्या शिडीखाली रंग गेलेला, जुना. दाराच्या कडेला ओरखडा, वीतभर, जुना.’ एसटीच्या गाडीचे पोचे लिहून काढायचे म्हणजे गोधडीचे टाके मोजायचे. मी म्हटलं, “मास्तर, गाडी सुटायची वेळ झाली.” ते म्हणाले, “बाई, ह्ये आधी कुणीतरी केलंय, म्या न्हाय, येवढं कागदावर पायजे.” मग जुन्या पेपरचा बोळा पाण्यात भिजवून त्यांनी पुढची काच पुसली, खिशातून पिवळं फडकं काढून स्टेअरिंग पुसलं, फडक्याची घडी केली आणि मगच बसले. ते फडकं रोज घरी धुतलं जायचं. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “माझं लुगडं दोन दिस पडलं तरी चालतंय, त्ये फडकं आधी.”

दुसरी खोड शिट्टीची. गाडी मागं घेताना कंडक्टरनं खाली उतरून, मागं उभं राहून शिट्टी द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. सगळ्यांना पाठ असतो आणि निम्मे लोक आरशात बघून भागवतात. मास्तर भागवत नसत. लोहाऱ्याच्या स्टँडवर एकदा असा पाऊस की समोरचं तहसील दिसेना. मागं चिटपाखरू नव्हतं, लांब भिंतीला एक कुत्रं झोपलेलं. मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, “घ्या मागं, कुणी नाही.” गाडी हलेना. इंजिन चालू, मास्तर समोर बघत बसलेले. शेवटी मीच उतरले, नखशिखान्त भिजले, शिट्टी फुंकली. परत येऊन मी जे तोंड सोडलं ते पुढच्या सीटवरच्या बायकांनी कान झाकून ऐकलं. मास्तर शांतपणे म्हणाले, “कुत्रं बी जीवच हाय, बाई. पुढचं डायवरला दिसतंय, मागचं कंडक्टरला. माझ्या मागं तुमी नसला तर म्या आंधळा.” आता अशा माणसाशी भांडणार तरी किती.

आणि हात. रस्त्याच्या कडेला कुणीही हात दाखवला की मास्तरांची गाडी थांबायची. फाटा असो, बांध असो, बाभळीखाली एकटी बाई असो. गाडी खच्चून भरलेली असली तरी थांबायची. मी म्हणायची, “मास्तर, पाय ठेवायला जागा नाही.” ते म्हणायचे, “त्यांना सांगायला तरी थांबायला पायजे का न्हाय? नुसतं धुरळा उडवून जायचं का माणसाच्या तोंडावर?” हॉर्न मात्र ते वाजवत नसत. हॉर्न म्हणजे डायवरची शिवी, असं त्यांचं मत. गाडी पळवणारा डायवर न्हाय, थांबवणारा डायवर, हेही त्यांचंच.

त्यामुळे मी धरून चालले होते की या माणसाला गाडी चालवण्यात काही गोडी नाही. नोकरी आहे, जबाबदारी आहे, माणूस भित्रा आणि चोख आहे, संपलं. ते चुकीचं होतं, हे मला एकाच दिवशी कळलं.

आगाराला एक नवी कोरी बस मिळणार होती. ती विभागाच्या कार्यशाळेतून आणायला आम्हा दोघांना धाडलं. परत येताना गाडीत आम्ही दोघंच. तिकीट नाही, थांबा नाही, मागं रिकाम्या सीटांची रांग, वास नव्या रेक्झिनचा. येडशी सोडल्यावर रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो. तिथं मास्तरांनी खांदे जरा खाली सोडले. एसटीच्या वेगाला तर कुलूप लावलेलं असतं, ठरल्या आकड्यापुढं गाडी जातच नाही, त्यामुळे गाडी पळाली असं म्हणता येणार नाही. पण त्या प्रत्येक वळणाला त्यांनी गाडी अशी आत घेतली, अशी बाहेर काढली, की ब्रेकला पाय म्हणून लागला नाही आणि माझी पर्स शेजारच्या सीटवरून तसूभर हलली नाही. मी आरशात त्यांचं तोंड बघितलं. हसत होते. पोटातलं हसू, आवाज न करता. घाट संपला तेव्हा म्हणाले, “एकदा मागं कुणी न बसता, कुलूप न लावलेली गाडी अशी चालवायची हाय, बाई. रिकामी. आपल्यासाठी.” मग लगेच ओशाळून म्हणाले, “ह्ये कुणाला सांगू नका.” मी नाही सांगितलं. आज सांगते आहे, कारण आता सांगायला हरकत नाही.

तीस वर्षं एकही अपघात न करता मास्तर रिटायर झाले. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. आणि वर्षभरात त्यांच्या गावी, येरमाळ्याला, हायवेच्या कडेला चौकात गर्दी जमली, वाहनं अडली, कारण एका मोठ्या ट्रकच्या पाठीवर बसून मास्तरांची गाडी आली होती. पुण्याच्या एका डॉक्टरनं हौसेनं घेतलेली, फारशी न वापरलेली, जुनी स्पोर्ट्स कार. गडद निळी. दोन दारं, दोन सीटं, वर मागं दुमडणारं कापडी छप्पर, पुढचं तोंड लांबलचक आणि बूड जमिनीला टेकल्यासारखं. फंडातले पैसे त्यांनी त्यात घातले, आणि मुलानं फोनवर जे काय बोलायचं ते बोलून घेतलं.

“ह्येच्यात बसायचं कसं?” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

“बसायचं न्हाय, निजायचं,” दुसऱ्यानं सांगितलं.

मास्तर दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभे. हात लावू द्यायचे नाहीत. उतरवून, चाकांखाली फळ्या टाकत घरापर्यंत ढकलायला सहा माणसं लागली, त्या सहाही जणांना त्यांनी आधी साबणानं हात धुवायला लावले. गाडी नाकाकडून शेडमध्ये गेली. शेड नवी, खास बांधलेली, आणि तिच्या जमिनीवर पांढऱ्याशुभ्र टाइल्स. काकू आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आमाला शहाबादी, आन् तिला टाइल्सा.”

पुढं चार वर्षं ती गाडी त्या टाइल्सवर होती. मी अतिशयोक्ती करत नाही. चार वर्षं.

सुरुवातीला कारण खरं होतं. घरापासून हायवेपर्यंतचा तुकडा मुरमाचा, दगड वर आलेले. गाडीचं बूड घासलं असतं. “रस्ता होऊ द्या,” मास्तर म्हणाले. वर्षभरात तो रस्ता सिमेंटचा झाला. तेव्हा आषाढ होता. “चिखल हाय, उघडू द्या.” उघडलं तर सोयाबीनची रास रस्त्यावर वाळत पडली. ती निघाली तर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा, तो घासला की संपलंच. मग ज्वारीच्या कडब्याच्या गाड्या. मग चैत्रात देवीची यात्रा, माणसांचा समुद्र. मग ऊन, रंग उडतो. मग पुन्हा आभाळ. त्यांच्या पंचांगात गाडी बाहेर काढायला एकही मुहूर्त नव्हता.

मला हसायचा तसा हक्क नाही. माझ्या घरी सोफ्यावरचं प्लास्टिक आम्ही चार उन्हाळे काढलं नव्हतं, पाहुणे उठताना ते त्यांच्या पाठीला चिकटून यायचं. पण सोफ्यावर निदान आम्ही बसत होतो.

रोज सकाळी सहाला मास्तर शेड उघडायचे. आधी ताडपत्री, मग गोधडी, मग काकूंचं मऊ झालेलं जुनं लुगडं, असे तीन थर उतरवायचे. चपला काढून आत बसायचे. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, गाडी जागच्या जागी गुरगुरायची, हे स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. मग बंद. पुन्हा लुगडं, गोधडी, ताडपत्री. चाकं एका जागी बसू नयेत म्हणून दर रविवारी फूटभर पुढं ढकलायची, फूटभर मागं. दसऱ्याला तर कहर. बॉनेटवर हळदकुंकू लावायला काकू ताट घेऊन आल्या तर म्हणाले, कुंकवाचा डाग जात नाही. विड्याच्या पानाला कुंकू लावून ते पान गाडीपासून हातभर लांब पाटावर ठेवलं. नारळ शेडच्या मागं जाऊन फोडला, करवंटी उडू नये म्हणून. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

मी वर्षातून एकदोनदा सुट्टीच्या दिवशी जायची. एकदा मला गाडीत बसायला मिळालं, वर सांगितलं तसं, चपला पिशवीत घालून मांडीवर. पाच मिनिटं आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो. मी म्हटलं, “मास्तर, ही भिंत मला आता पाठ झाली.” ते हसले नाहीत. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. घरी येऊन मी नवऱ्याला हसत हसत सांगितलं. मास्तरांचं तोंड मात्र रात्रभर डोळ्यांसमोरून हलेना.

गेल्या जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, काकूंचा फोन आला.

“बाई, ह्या रविवारी गाडी न्यायला माणूस यायलाय पुण्याहून. पोरानं जमवून दिलंय. ह्ये बी व्हय म्हणलेत.”

“मग बरंच झालं की, काकू. शेड मोकळी होईल.”

“तसं न्हाय माय. चार वरसं झाली, ह्या माणसानं ती एकदा बी रस्त्याला लावली न्हाय. मला त्येचं काय वाटत न्हाय. पर रोज सकाळी तिच्यात बसून येत्यात आन् चहा गार होईपतूर बोलत न्हायत. ती गेल्यावर कुठं बसतील वो? तुमचं ऐकतील. एकदा तरी चालवा म्हणावं, मग खुशाल न्या.”

शनिवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळीच गेले. मास्तर शेडमध्ये, गाडीचे तिन्ही थर उतरवलेले, आणि ते चाकांच्या फटीतली धूळ काडीला कापूस लावून काढत होते. सासरी धाडायच्या मुलीचं आवरावं तसं.

“मास्तर, विकायला लागलात म्हणे.”

“व्हय.” वर न बघता. “त्यो माणूस गाड्या जमवतोय, बाई. काचेच्या खोलीत ठेवतोय, एसी लावून. फोटो दावला पोरानं. धूळ न्हाय, उंदीर न्हाय, कोंबड्या न्हायत. एक ओरखडा न्हाय म्हणूनच घ्यायलाय.”

“आणि चालवतो?”

“न्हाय. नुसत्या ठेवतोय.”

“मग तुम्ही एवढी वर्षं काय करत होतात?”

मला राग आला होता. कंडक्टरचा राग, आवाज आपोआप मागच्या सीटपर्यंत जाणारा. काकू पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “उद्या ही जाईल. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहील. मग घेतली कशाला होतीत?”

मास्तरांनी काडी खाली ठेवली. मग म्हणाले, “त्या घाटासाठी.”



“पर भ्या वाटतंय, बाई,” ते म्हणाले. तीस वर्षं साठ-साठ माणसं पाठीवर घेऊन फिरलेला माणूस, इतक्या हळू बोलला. “तीस वरसं सरकारची गाडी चालवली, येक ओरखडा न्हाय. आता सोताच्या गाडीला माझ्याच हातानं पडला, तर त्या तीस वरसाचं काय ऱ्हायलं? लोक सोडा. मलाच वाटंल का नशिबानं निभावलं, आपल्याला येत कायबी नव्हतं. त्यापरीस हाय तशी गेली तर बरी.”

म्हणजे हा माणूस गाडी जपत नव्हता, बिल्ला जपत होता. मला एकदम इतकं वाईट वाटलं की राग गेला.

“बसा आत,” मी म्हटलं.

“न्हाय वो. मागं घ्यावी लागती. मागचं दिसत न्हाय.”

“मास्तर, बसा.”

मी पर्स उघडली. किल्ल्यांच्या जुडग्याला शिट्टी असते माझ्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी शेडच्या बाहेर, गाडीच्या मागं, मधोमध जाऊन उभी राहिले. काकूंनी बाजूच्या कोंबड्या हाकलल्या. मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग चपला काढल्या, आत बसले, इंजिन चालू केलं. मी शिट्टी दिली. आखूड, आखूड, आखूड, या, या, या. आणि तीस वर्षांची सवय ती काय, त्यांनी विचार करायच्या आधी पायानं ऐकलं. गाडी टाइल्सवरून उतरली आणि उन्हात आली.

दोनच सीटं. मी काकूंना म्हटलं, बसा. त्या म्हणाल्या, “आदी तुमी. तुमी संगं असल्या की त्यांना धीर ऱ्हातोय. मी दुसऱ्या खेपेला.” म्हणून मी बसले, चपला पिशवीत, पिशवी मांडीवर.

हायवेला लागलो. ताशी चाळीस. डावीकडून. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आमच्या पुढं निघून गेला आणि वरून त्या ड्रायव्हरनं आमच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. मागून आमच्याच आगाराची बस आली, ड्रायव्हरनं मास्तरांना ओळखलं आणि आनंदानं हॉर्न वाजवला. “कशाला बोंबलतंय,” मास्तर पुटपुटले. त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. खडा उडाला की अंग चोरत होते, जणू त्यांनाच लागला. मला वाटलं, झालं, असंच वाशी फाट्यापर्यंत जाऊन परत, आणि उद्या गाडी जाणार.

आणि पुढं एका फाट्यावर, लिंबाखाली, एका म्हातारीनं हात दाखवला.

आता ती लांबून येणाऱ्या कुठल्याही वाहनाला हात दाखवत असणार. पण मास्तरांनी डावा इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, आणि दार बरोबर म्हातारीसमोर येईल असं थांबवलं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “कुठं जायचं आजी?” मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोन सीटांची गाडी, दोन्ही सीटांवर माणसं, आणि आम्ही प्रवासी घ्यायला थांबलो होतो.

“वाशीला. लेकीकडं,” म्हातारी म्हणाली. डोक्यावर बोचकं होतं. तिनं गाडीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, वरपर्यंत फारसं काही नव्हतं. “हिला टप कुठाय? बोचकं कुठं टाकू?” मग तिला काय आठवलं, म्हणाली, “मला फुकट हाय बरं का. पंच्याहत्तरी झालीय. कारड हाय.” आणि कमरेची पिशवी सोडायला हात मोकळे हवेत म्हणून तिनं डोक्यावरचं बोचकं उचललं आणि समोर जे सपाट दिसलं त्याच्यावर, बॉनेटवर, ठेवलं.

“आजी, तिकीट नाही, कार्ड राहू द्या,” मी ओरडले. पण आजी शिस्तीच्या. आधार कार्ड काढून माझ्यासमोर धरलं, मी बघितल्याशिवाय सोडेनात. मी बघितलं. मग त्यांनी बोचकं ओढून घेतलं. बोचक्यात खुरपं होतं. त्याचं टोक फडक्यातून बाहेर आलेलं.

तो आवाज मी विसरणार नाही. कर्र. फार मोठा नव्हता.

मी डोळे मिटून घेतले. मास्तरांचं दार उघडल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा ते बॉनेटवर वाकलेले होते. अनवाणी, तापायला लागलेल्या डांबरावर. निळ्या रंगावर एक पांढरी रेघ.

“लागलं का रं लेकरा?” म्हातारी घाबरून म्हणाली. “थुका लाव, जाईल.”

आणि मास्तरांनी खरंच जिभेला बोट लावलं आणि ती रेघ पुसून बघितली. गेली नाही. मग ते कडेच्या दगडावर बसले. मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. मी धावत गेले, चपलांची पिशवी हातात तशीच.

“मास्तर?”

“केवढा हाय वो, बाई?”

“वीतभर असेल.”

“व्हय. वीतभरच हाय.” त्यांनी छातीवर हात ठेवला, तपासल्यासारखा. “मला वाटत व्हतं, ज्या दिसी पडंल त्या दिसी हितं कळ यील. चार वरसं वाटत व्हतं. कायबी झालं न्हाय बगा.” मग पुन्हा, स्वतःलाच सांगितल्यासारखं, “कायबी न्हाय. उलटं बरं वाटायलंय. आता भ्यायला काय उरलंच न्हाय.”

आणि हसले. घाटातलं तेच हसू, पण या वेळी आवाजासकट. इतका मोठा आवाज की म्हातारीही हसली, कशाला ते न कळता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना सात वर्षं ड्यूटीवर आणि चार वर्षं शेडमध्ये पाहिलं होतं. इतका मोकळा माणूस मी पाहिला नव्हता.

“आजी, बसा आत,” ते उठून म्हणाले. म्हातारीच्या पायाला शेतातली काळी माती गुडघ्यापर्यंत. मास्तर काहीतरी बोलायला गेले, थांबले आणि म्हणाले, “बसा, तशाच बसा.” मग त्यांनी वरचं कापडी छप्पर मागं दुमडलं.

“अन् ही बाई?” म्हातारीनं विचारलं.

“मी मागच्या गाडीनं येते,” मी म्हटलं. प्रवाशाला जागा नसेल तर कंडक्टर उभा राहतो, हेही आमच्याकडे नियमातच आहे. मी दार लावून घेतलं आणि त्या चकचकीत पत्र्यावर दोन थापा मारल्या, चांगल्या जोरात, चला म्हणून. चार वर्षांत त्या पत्र्यावर कुणी बोट टेकवलं नव्हतं. मास्तरांनी नुसतं पुढं बघितलं आणि गाडी निघाली. चाळीसनं नाही. ते इंजिन खरं कसं वाजतं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हातारीचा पदर मागं उडत होता, आणि ती दोन्ही हातांनी बोचकं पोटाशी धरून काहीतरी ओरडत होती. घाबरून नव्हे.

मागची गाडी मी धरलीच नाही, तासभर त्या लिंबाखाली मास्तरांची वाट बघत बसले. पहिली वीस मिनिटं मजेत गेली. मग जीव खालीवर व्हायला लागला. साठीचा माणूस, चार वर्षं उभी असलेली गाडी, पंच्याहत्तरीची म्हातारी, आणि थापा मारल्या कुणी, तर मी. सगळे देव आठवले. वाशीकडून येणारं प्रत्येक वाहन मी उठून बघत होते. शेवटी निळं काहीतरी दिसलं आणि मी रस्त्याच्या कडेला जाऊन हात दाखवला. सुटले बाई, एवढंच मनात आलं.

मास्तर आले. डोक्यावरचे केस उभे, चष्म्यावर धुरळा, काचेवर चिलटं. म्हातारीला लेकीच्या दारात सोडलं होतं. “थेट न्हाय सोडली,” ते म्हणाले, “म्हणली आजून येकदा फिरव. दोनदा फिरवली.” मग चष्मा पुसत म्हणाले, “बाई, त्या रस्त्याला किती वळणं हायत वो. तीस वरसं गेलो, कधी बघितलीच न्हायत. आरशात माणसंच बघत व्हतो.”

परत येताना वाटेत म्हणाले, “उद्या सकाळी घरी या जरा. त्यो माणूस यील. मला न्हाय म्हणायला येत न्हाय. तुमी सांगा.”

“काय सांगू?”

“काय बी सांगा. तुमाला येतंय.”

रविवारी माझी दुपारची ड्यूटी होती. नऊला पोचले तर घराला कुलूप. शेडचं दार सताड उघडं. पांढऱ्या टाइल्सवर कोंबड्या हिंडत होत्या आणि कोपऱ्यात ताडपत्री, गोधडी, लुगडं असा ढीग पडला होता, घडी न घालता. मी पायरीवर बसले. थोड्या वेळानं एक मोठी पांढरी गाडी आली आणि त्यातून एक सभ्य गृहस्थ उतरले. हातात पातळ मोजे आणि रंग तपासायची छोटी बॅटरी. मुलाकडून पत्ता घेऊन आले होते. आत डोकावले, रिकामी जमीन बघितली, आणि माझ्याकडे वळले.

“गाडी कुठंय?”

“बाहेर गेलीय.”

“बाहेर? दुसऱ्या कुणाला विकली का?”

“नाही हो. काकूंना घेऊन गेलेत, फिरायला.”

“ती गाडी? चालवत?” त्यांचा चेहरा उतरला. “ओरखडे पडतील हो!”

“एक पडलाय आधीच,” मी म्हटलं.

ते खिन्न होऊन हातातले मोजे खिशात घालायला लागले. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पुण्याहून आले होते बिचारे. पण छातीवरचं मोठं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मला वाटत होतं, आणि ते लपवताही येत नव्हतं.

“परत कधी येतील?” त्यांनी विचारलं. “मी थांबू शकतो.”

मी हायवेकडे बघितलं. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा होता.

“नका थांबू,” मी म्हटलं. “काही सांगून गेले नाहीत.”